मागाच्या शेडमधला स्टुडिओ : आमची वाटचाल

दर दिवाळीला कुणी ना कुणी नातेवाईक आमच्या परसात उभा राहतो, मान वर करून पत्र्याकडे बघतो आणि विचारतो, "हे अजून पाडलं नाहीस? खाली पार्किंग, वर तीन मजले निघतील की." सोलापूरच्या साखर पेठेत जागेचा भाव कुठे गेलाय हे मलाही कळतं. पण याच शेडमधल्या आमच्या चादरीच्या डिझाइनच्या स्टुडिओतून दर महिन्याला बिलं फाटतात आणि चार माणसांचे पगार वेळेवर होतात, हे कुणाला ऐकायचं नसतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

शेडचा मागचा भाग आजोबांचा. हातभर रुंद दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि जमिनीत खड्डा माग, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो तो. ते लुगडी विणायचे. पुढचा पत्र्याचा भाग वडिलांनी वाढवला, कारण पॉवरलूमवर जेकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारं यंत्र, चढवायचं तर डोक्यावर उंची लागते आणि माळवदाखाली ती मिळत नाही. मी लहानाचा मोठा झालो तो चादरीच्या लूमच्या आवाजात. आमच्याकडे सगळे मोठ्याने बोलतात त्याचं कारण तेच. पुढे सूत महागलं, कामगार मिळेनात, चादरीचा भाव मात्र जागेवरच. वडिलांनी लूम विकले ते भंगारात, किलोने. ज्या बिडाच्या चौकटींनी घर चालवलं त्यांची किंमत वजनकाट्यावर ठरली. जेकार्डचे पत्ते म्हणजे नक्षीप्रमाणे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. भंगारवाल्याने त्या पत्त्यांची रॅकही मागितली होती, पुठ्ठा म्हणून. ती मी दिली नाही.

मी ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावर विणीचं डिझाइन काढणं, शिकलो ते कन्ना चौकाजवळच्या एका मास्तरांकडे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ते पत्ते ठोकायचे, म्हणजे त्यांना भोकं पाडायचे, आणि ग्राफही काढायचे, दोन्ही हात चांगले असलेली माणसं तेव्हाही थोडीच होती. घरात आम्ही तेलुगू बोलतो, बाजारात मराठी, पण मास्तर शिव्या फक्त तेलुगूत द्यायचे आणि कौतुक अजिबात करायचे नाहीत. काम जमलं की "हं, तम्मी" एवढंच, म्हणजे धाकट्या भावा.

या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो. ग्राफची एक उभी ओळ म्हणजे एक हुक, जेकार्डचा धागा उचलणारा आकडा, आणि एक आडवी ओळ म्हणजे एक पिक, आडवा टाकलेला एक धागा. कागद निवडतानाच निम्मं काम होतं. इंचात ताण्याचे म्हणजे उभे धागे किती आणि बाण्याचे म्हणजे आडवे किती, त्या हिशोबाचा ग्राफ घ्यायचा. साध्या चौकोनी कागदावर काढलेला गोल चंद्र कापडावर अंड्यासारखा येतो. चादर दुहेरी विणीची, म्हणजे एका बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल फूल येणार. दोन्ही बाजू डोळ्यासमोर ठेवून रंग भरावा लागतो. आणि धागा फार लांब मोकळा राहिला तर तो वापरात अडकतो, ओढला जातो, म्हणून मधे मधे बांधणीचे टिंब द्यायचे. हे टिंब कुठे द्यायचे हे कुणी शिकवत नाही, ज्याचं त्याला सापडतं. दहा डिझायनरना एकच मोर द्या, मोर सारखा येईल, बांधणी दहा तऱ्हांची येईल. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मास्तरांच्या पत्ते ठोकायच्या पंचिंग मशीनला आम्ही 'पियानो' म्हणतो. समोर बोटांसाठी दांड्या, खाली पायाला पेडल. ४०० हुकांच्या जेकार्डला पत्त्याच्या आडव्या ओळीत ८ भोकं, ६०० च्याला १२. ग्राफ समोर टांगायचा, डोळा ओळीवर, बोटं दांड्यांवर, पाय पेडलवर. चादरीच्या एका डिझाइनला हजार-बाराशे पत्ते सहज जातात. ते क्रमाने दोऱ्याने ओवायचे. एक पत्ता उलटा लागला तर सगळ्या ताग्यावर दर रिपीटला तीच रेघ येते. मास्तरांनी माझ्याबरोबर भागी करायचं ठरवलं तेव्हा भांडवल म्हणून हे मशीनच आणलं. हातगाडीवरून आणलं, आणि अशोक चौकातून येताना गाडीबरोबर स्वतः चालत आले, कारण हमालांवर त्यांचा विश्वास नव्हता.

शेड ताब्यात घेतली तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. वाशांवर बोटभर जाड रुई साचलेली, वर्षानुवर्षांची. जुन्या मागाच्या शेडमध्ये वायरिंग करणाऱ्यांनी एवढं तरी ऐका : आधी ती रुई झाडूने नाही, ओल्या फडक्याने काढा, मगच इलेक्ट्रिशियनला आत घ्या. एक ठिणगी पुरते. लूमखालची जमीन तेल पिऊन काळी पडली होती. गवंडी म्हणाला, वरून फरशी टाकून देतो. तेलकट जमिनीवर सिमेंट धरत नाही हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, त्याला लवकर जायचं होतं. वीतभर खणून ती माती बाहेर काढली, मुरूम भरला, धुमस मारला आणि मग शहाबादी घातली. लूमचे पायातले बोल्ट निघेनात, ते ग्राइंडरने जमिनीबरोबर कापले.

सोलापूरचा मे महिना आणि डोक्यावर पत्रा, म्हणजे काय ते आमच्या पोरांना विचारा. ४३-४४ अंशांत ब्रशमधला रंग कागदाला लागायच्या आधी सुकतो. सगळे म्हणाले एसी लाव. मी आधी छप्पर केलं. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारला, पत्र्याखाली हातभर पोकळी सोडून जिप्समचं छत घेतलं आणि पोकळीच्या दोन्ही टोकांना जाळ्या बसवल्या, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. एसी नंतर लावला, तो लहानच पुरला. उजेड उत्तरेकडचा हवा, कारण दिवसभर तो कमी बदलतो आणि त्यात रंग खोटा दिसत नाही. उत्तरेच्या भिंतीत खिडकी काढू म्हटलं तर शेजारी भाऊबंद उभे राहिले. वाद घातला नाही. पत्र्याचे उत्तर उताराचे काही तुकडे काढून तिथे पारदर्शक फायबरचे घातले. उजेडावर कुणाचा हक्क सांगायला ते येऊ शकले नाहीत.

आजोबांच्या खड्ड्यांपैकी एक बुजवला, एक ठेवला. गवंडी नको म्हणत होता, कुणी पडेल म्हणून. त्यावर लाकडी झाकण केलं आणि मास्तर दुपारी त्यावर बसून जेवायचे.

मग काही वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पेनड्राइव्हचं. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं तसं पत्त्यांचं काम आटलं. ग्राफ कॉम्प्युटरवर, फाइल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह थेट मशीनला. मी विरोध केला नाही, उलट सॉफ्टवेअर आधी शिकून घेतलं. पण पत्ते होते तोवर डिझाइन चोरायला टेम्पो लागायचा. आता शर्टाचा खिसा पुरतो.

चाटी गल्लीतले एक व्यापारी आमच्याकडे यायचे. आपल्याच माणसांपैकी. लग्नकार्यात भेटायचे, मला भाऊ म्हणायचे. एकदा म्हणाले, "भाऊ, फाइल जरा देता का, घरी मोठ्या स्क्रीनवर बघतो, उद्या ऑर्डर पक्की." कमळाच्या वेलीचं डिझाइन होतं, काठाला हत्ती. त्या वेलीवर मास्तरांचा आणि माझा सगळा उन्हाळा गेला होता. उद्याचा परवा झाला, परवाचा फोन उचलेनासा झाला. त्या आषाढीला आमच्या घरचे पंढरपूरला गेले होते. प्रदक्षिणा मार्गावर एका ढिगात ती चादर दिसली म्हणून फोटो पाठवला. पॉलिस्टर मिसळलेला हलका माल, आणि वर कागद चिकटवलेला : 'अस्सल सोलापुरी'. आमच्या अस्सल चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण पंढरपूरच्या गर्दीत ढिगातून चादर ओढणारा माणूस मानांकन वाचत नाही, भाव विचारतो.

मी ती चादर मागवून घेतली. भिंग लावून बघितली. हत्तीच्या सोंडेखाली बांधणीचे टिंब मास्तरांच्या पद्धतीचे, तिरके, एक सोडून एक. कमळाच्या तिसऱ्या पाकळीत मी दिलेली जागाही तीच. नुसतं डिझाइन बघून काढलं असतं तर बांधणी वेगळी पडली असती. फाइलच गेली होती.

जाऊन विचारलं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "कमळ काय तुमच्या घरचं आहे का? देवळात पण आहे." दुकानात आणखी दोघे-तिघे बसले होते, ते हसले. एवढ्यावर थांबले नाहीत. नंतर बाजारभर सांगत फिरले की हा माणूस चित्रांचे पैसे घेतो, आणि एकाच डिझाइनचे दोनदा घेतो. सुताचं बिल कुणी नाकारत नाही, रंगाईचं नाकारत नाही, हमालीसुद्धा रोख देतात. डिझाइनचे पैसे मागितले की मात्र सगळ्यांना आठवतं की आपला पुतण्याही चांगलं काढतो. ऑर्डरी कमी होत गेल्या. वकिलाकडे गेलो, त्यांनी डिझाइन नोंदणीचा कायदा समजावून सांगितला. २००० चा कायदा आहे, माल बाजारात यायच्या आधी नोंद करावी लागते. खर्चाचा आकडा ऐकून उठलो.

आणि मग २०२० चा मार्च. लूम बंद, चाटी गल्ली बंद, घेतलेली दोन माणसं गावी गेली. मास्तरांना त्याच वर्षी दिसायचं कमी झालं, डोळ्यांत मोतीबिंदू. पियानोवर पोतं टाकून ठेवलं होतं. एका भंगारवाल्याने गल्लीतूनच विचारलं, मशीन द्यायचंय का, बीड आहे ना. घरात चर्चा झाली, नाही असं नाही. बायकोने एकच विचारलं, "विकून किती दिवस चालेल?" हिशोब केला तर फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. मशीन राहिलं.

इथे एका गिऱ्हाइकाबद्दल लिहिलंच पाहिजे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा चादरीचा कारखाना, वय सत्तरीच्या पुढे. दर वर्षी श्रावणाच्या आधी यायचे. स्वतः कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने काहीतरी काढून आणायचे, बहुतेक वेळा मोर, आणि तो मोर बहुतेक वेळा कोंबडा दिसायचा. आम्ही तो मोर करायचो. डिझाइनचे पैसे आगाऊ चेकने द्यायचे, त्यात कधी घासाघीस नाही. घासाघीस करायचे ती रंगांवर. "हा लाल नाही, हा वीट आहे, मला लाल दे." येताना जर्मनच्या डब्यात शेंगा चटणी आणायचे आणि डबा परत न्यायला विसरायचे नाहीत. टाळेबंदीत, स्वतःचे लूम बंद असताना, त्यांनी फोन केला : "मोर काढून ठेव. लूम सुरू झाले की मागे नको पडायला." चेक मुलाच्या हाती पाठवला. मोर नको होता त्यांना, हे मला कळत होतं. त्यांच्याकडे तयार डिझाइनं कपाटभर होती.

त्या रिकाम्या दिवसांत खड्ड्यावरचं झाकण काढलं. आजोबांचा माग मोडीत गेला नव्हता, माळवदाखाली तुळयांना बांधून ठेवला होता. बाणा ठोकायची फणी गंजली होती, ती नवीन आणली. वह्या, म्हणजे ताण्याचे धागे ओवायचे दोऱ्याचे फास, बांधायला मास्तर आले, दिसत नसताना, नुसत्या बोटांनी. आमच्या लोकांनी हातमागावर भिंतीवर टांगायची चित्रं पूर्वीपासून विणलीत, ते काही मी शोधलेलं नाही. मी एवढंच केलं की चादरीची जुनी डिझाइनं, ती रॅकमधली, वडिलांच्या वेळची, लहान मापात जाड सुतात विणायला घेतली. एक वेल, एक हत्ती, एक कोंबडा-मोर. पुण्याच्या एका आर्किटेक्ट बाईंनी एका हॉटेलच्या भिंतीसाठी ती घेतली. त्यांनी भाव विचारला, मी सांगितला, त्या बरं म्हणाल्या. मला थोडा वेळ काही सुचेना, आमच्या बाजारात बरं कुणी म्हणत नाही.

आता शेडच्या पुढच्या भागात कॉम्प्युटर आणि ग्राफची टेबलं, मागे माळवदाखाली माग, मधे पियानो. कॉलेजची मुलं शिकायला येतात. त्यांना पहिले काही दिवस मी माउस देत नाही, ग्राफ आणि ब्रश देतो. कुरकुरतात. पण बांधणी हाताने भरल्याशिवाय समजत नाही, स्क्रीनवर मोठं करून बघितलं की सगळंच बरं दिसतं. दुसरं, पत्ते टाकू नका. पावसाळ्यात ते फुगतात, भोकं सरकतात, उंदीर दोरा कुरतडतात, सगळं खरं. तरी जमिनीपासून वर टांगून ठेवा. फाइल उडते, पत्ता राहतो. आणि नमुना द्यायचा तर विणून द्यायचा, कापडाचा तुकडा, कडेला आपलं नाव विणलेला. फाइल पूर्ण पैसे आल्यावरच.

मास्तरांचं ऑपरेशन झालं, एक डोळा चांगला आला. दुपारी येतात, आता झाकणावर बसता येत नाही म्हणून खुर्ची घेतात आणि पोरांच्या ग्राफवर बोट ठेवून तेलुगूत बोलतात. पोरांपैकी निम्म्यांना तेलुगू येत नाही, पण अर्थ कळतो.

गेल्या महिन्यात चाटी गल्लीतून फोन आला. तेच दुकान, आता मुलगा बसतो. म्हणाला, "काका, निर्यातीची ऑर्डर आहे, अस्सल डिझाइन पाहिजे, फाइल पाठवाल का, बघून सांगतो." मी अटी सांगितल्या : अर्धे पैसे आधी, बघायला विणलेला तुकडा, तोही इथे येऊन. "बाबांना विचारून सांगतो," म्हणाला. अजून विचारतोय.