पाय चालण्याआधी बोट काय सांगते

लहान मुलांच्या वाढीविषयी आपल्या घरांत जी काळजी केली जाते, ती बहुतेक पायांभोवतीच फिरते, असे माझे निरीक्षण आहे. पालथी कधी पडली, रांगते का, चालायला लागली का, हे प्रश्न सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी येणारी प्रत्येक पाहुणी विचारते. पण मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, हाक मारल्यावर वळून पाहते का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

माझी नात वर्षाची होऊन गेली तरी भिंतीचा आधार सोडेना, तेव्हा तासगावहून विहीणबाईंनी मालिशचे तेल पाठवले आणि शेजारणींनी वॉकर आणण्याचा आग्रह धरला. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे, आणि सुमारे ४.३ टक्के मुले तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. म्हणजे दहाव्या महिन्यात धावणारे शेजारचे मूल आणि सोळाव्या महिन्यात पहिले पाऊल टाकणारे आपले मूल, दोघेही निरोगी असू शकतात. मूल वेळेआधी जन्मले असेल, तर दोन वर्षांपर्यंत वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते, हे आजीमंडळींनी विशेष लक्षात ठेवावे. अठरा महिने पूर्ण होऊनही मूल चालत नसेल, किंवा त्याआधीच एकच हात सतत वापरून दुसरा टाळत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

वॉकरला आमच्या सूनबाईंनी ठाम नकार दिला, आणि तो योग्यच होता. त्यात बसलेले मूल स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही, शिवाय पायऱ्यांवरून गडगडण्याचा धोका असतो. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. तो ढकलताना मूल स्वतःच्या पायांवर उभे असते, तरी मोठ्या माणसाने जवळ असावेच.

बोलण्याच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो. "आमचे हेही तीन वर्षांचे होईपर्यंत मुके होते, आता कोर्टात गप्प बसत नाहीत," असे सांगणारे कोणीतरी प्रत्येक घरी भेटते. काही मुले उशिरा बोलून पुढे बरोबरीला येतात हे खरे. पण आपले मूल त्यांपैकीच आहे, हे घरबसल्या ठरवता येत नाही. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणे किंवा टाटा करणे नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "बाबा गेले", "दूध दे" अशी स्वतःची दोन शब्दांची जोडणी नाही, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. जाहिरातीतले वाक्य जसेच्या तसे म्हणणे ही अशी जोडणी नव्हे. येत असलेले शब्द किंवा हावभाव कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर ती सर्वांत गंभीर खूण समजावी.

यासाठी खर्चाचे निमित्त पुढे करण्याचे कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूद आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. खासगी तज्ज्ञच हवे असतील, तर सांगलीकरांना मिरज काही लांब नाही. मात्र तिथे गेल्यावर वाचा-उपचाराआधी कानांची रीतसर तपासणी करून घ्यावी. दार आपटल्यावर दचकणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नसण्याची शक्यता असते, आणि घरात थाळी वाजवून केलेल्या परीक्षेत ती उणीव सापडत नाही.