चौदा जहाजं दिवाळीपर्यंत रंगवायची होती

गेल्या जूनमध्ये माझा मामेभाऊ बर्मिंगहॅमहून आठ दिवस पुण्याला आला होता आणि जाताना माझ्या हातात एक झिपची पिशवी ठेवून गेला, आत चौदा स्पेसशिप. पांढरट धातूच्या, बिनरंगाच्या, सगळ्यात मोठी माझ्या मधल्या बोटाएवढी आणि सगळ्यात लहान हरभऱ्याच्या घाट्याएवढी. तो तिकडे क्लबात हा खेळ खेळतो, टेबलावर काळं कापड अंथरायचं, दोन्ही बाजूंची आरमारं मांडायची आणि इंचपट्टीने मोजून जहाजं हलवत लढायचं. मला म्हणाला, "दादा, दिवाळीला परत येतोय, तेव्हा खेळू. पण रंगवून ठेव हं, बिनरंगी जहाजांशी मी नाही खेळत."

हो म्हटलं. ब्रश मी शेवटचा धरला होता तो शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला, त्यामुळे पहिला आठवडा नुसता नियम वाचण्यात गेला. फुल थ्रस्ट नावाचा खेळ आहे, जॉन टफली या इंग्रज माणसाने केलेला, दुसरी आवृत्ती १९९२ ची आणि आता पीडीएफ फुकट मिळते. त्यातली एक गोष्ट मला इतकी आवडली की त्या रात्री झोप लागेना. जहाज थांबत नाही. या फेरीत १० इंच गेलं तर पुढच्या फेरीतही १० इंच जाणारच, वेग कमी करायचा तर त्यासाठीही इंजिन खर्च करावं लागतं. आणि प्रत्येकाने आपल्या सगळ्या जहाजांचे हुकूम आधी गुपचूप कागदावर लिहायचे, मग दोघांनी एकदम उघडायचे. म्हणजे समोरचा आत्ता कुठे आहे हे बघून काही उपयोग नाही, तो कुठे असणार याचा विचार करायचा.

मी मूळचा पेणचा, अलिबाग आणि कुलाबा किल्ला लहानपणापासून पायाखालचा, त्यामुळे आरमार म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिले कान्होजी आंग्रे आले. नऊ छोटी जहाजं झाली गलबतं, पाच मोठी झाली गुराबं, आणि त्या पाचांची नावं कुलाबा, खांदेरी, उंदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग. स्टँडच्या खाली बारीक मार्करने नावं लिहिली सुद्धा, रंगाचा अजून पत्ता नसताना.

आता कामाचं. साच्यातून काढलेल्या धातूवर दोन अर्धे जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ उठलेली असते, ती कानशीने घासून काढावी लागते. रंग लावायच्या आधी ती दिसतच नाही आणि लावल्यावर दुसरं काही दिसत नाही, म्हणून नखाने चाचपत बसायचं. ही जुन्या काळातली जहाजं, जुन्या धातूत शिसं असू शकतं, म्हणून गॅलरीत वर्तमानपत्र टाकून घासलं, कीस ओल्या कपड्याने पुसला आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला सुद्धा हात लावला नाही. मग सगळी जहाजं भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने घासून. स्टँडसाठी नेमप्लेट बनवणाऱ्याकडून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या चकत्या कापून घेतल्या, मोठ्या जहाजांना सायकलच्या स्पोकचे तुकडे, छोट्यांना पेपरक्लिपची तार. हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने पोटाला भोक पाडायचं आणि फेविक्विकने बसवायचं. हे सगळं नीट झालं.

प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या अस्तराला, घात झाला. जुलैचा दुसरा आठवडा, चार दिवस सूर्य नाही, आणि मी एका दुपारी जरा पाऊस थांबलाय बघून गॅलरीत पुठ्ठ्यावर चौदाही जहाजं ओळीत चिकटवली आणि करड्या प्रायमरचा स्प्रे मारला. अर्ध्या तासाने बघतो तर सगळ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखं, बोट फिरवलं तर पॉलिश पेपर. हवेत एवढी ओल असताना स्प्रे मारला की रंग नीट बसत नाही, पांढुरका आणि खरखरीत होतो, हे मला नंतर भावाने फोनवर सांगितलं. खरंतर एक जहाज मारून बघायला हवं होतं, चौदा एकदम मारायची घाई करायला नको होती, हे मी जो कोणी हे करेल त्याला अगदी कळकळीने सांगतो. पावसाळ्यात एक मारा, दुसऱ्या दिवशी बघा, मग बाकीची.

काढायला तीन संध्याकाळी गेल्या. इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ते लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून जहाजं त्यात बुडवून ठेवली, स्टँड आधी काढून. हातात ग्लोव्हज, खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि मग टूथब्रश. खाचांमधला रंग टाचणीने कोरून काढला. तिसऱ्या दिवशी सगळी परत चकचकीत धातूची झाली आणि मी होतो तिथेच परत आलो, फक्त जुलै संपला होता.

त्यानंतर मी पेणला गेलो, गणपतीच्या आधी पंधरा दिवस. माझे काका हमरापूरच्या कारखान्यात चाळीस वर्षं मूर्ती रंगवत होते, त्यातली बरीच वर्षं फक्त आखणी, म्हणजे डोळे. आता कारखान्यात रोज जात नाहीत पण सीझनला बोलावणं येतंच. खिशात कुलाबा नेलं होतं, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, जहाज उलटंपालटं करून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे लोक बघणार किती लांबून?"

मी म्हटलं, टेबलावर असेल, आपण उभे असू, तीनेक फूट.

"मग तीन फुटांवरून रंगव."

मला तेव्हा कळलं नाही. ते मला आत घेऊन गेले, तिथे मंडळाची मोठी मूर्ती होती, तिच्या डोळ्याच्या कडेची काळी रेघ जवळून बघितली तर माझ्या अंगठ्याएवढी जाड, भडक, आणि दारापर्यंत मागे येऊन बघितलं तर तीच रेघ म्हणजे पापणी. बाजूला घरच्या गणपतीच्या नऊ इंची मूर्ती, तिथे रेघ केसाएवढी. रंग तोच आणि हातही तोच, फरक फक्त बघणारा किती लांब उभा राहणार त्याचा.

मग त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. रंग ताकासारखा हवा, दह्यासारखा नको, एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात. ब्रश रंगात बुडवला की आधी कागदावर टोक काढायचं. करंगळी कामावर टेकवायची, मनगट हवेत ठेवायचं नाही. आणि रेघ ओढताना श्वास सोडत ओढायची, धरून नाही, धरला की हात थरथरतो. मी आजपर्यंत उलटंच समजत होतो. दोन तास मी फुटक्या मूर्तीच्या तुकड्यांवर नुसत्या रेघा मारल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

या वेळी प्रायमर ब्रशनेच लावला, पातळ, दोन हात. मग गडद निळा, जवळजवळ काळा. त्याच्यावर पातळ काळं पाणी, म्हणजे काळ्या रंगात भरपूर पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा थेंब, ते खाचांमध्ये आपोआप ओढलं जातं आणि पत्र्यांचे सांधे उठून दिसतात. वाळल्यावर सुका ब्रश. फिकट करड्या रंगात ब्रश बुडवायचा, वर्तमानपत्रावर पुसून पुसून काही उरलंच नाही असं वाटेपर्यंत पुसायचा आणि मग जहाजावरून हलके फिरवायचा. उरलेला रंग फक्त वर आलेल्या कडांना लागतो. हे पहिल्यांदा होताना बघितलं तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. दहा सेकंदांपूर्वी निळ्या रंगाचा गोळा होता, आता त्यावर पाइप, बुरूज, तोफांची तोंडं सगळं दिसत होतं, जे आधीपासून तिथे होतंच.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला खिडक्यांवर. माणूस किंवा सैनिक रंगवला तर चेहऱ्यावरून कळतं तो केवढा आहे, जहाजाला चेहरा नाही, ६ सेंटिमीटरचा धातू आहे आणि तो बघणाऱ्याला अवाढव्य वाटला पाहिजे. मी हिशोब केला. कुलाबा ३०० मीटर लांब आहे असं धरलं तर ६ सेंटिमीटर म्हणजे एकाला पाच हजार. मी पहिल्यांदा टूथपिकने जे पिवळे ठिपके दिले ते दीड मिलिमीटरचे होते, म्हणजे प्रत्येक खिडकी साडेसात मीटर उंच, दुमजली घराएवढी. तेवढ्यानेच जहाज खेळणं दिसत होतं. ठिपका अर्ध्या मिलिमीटरवर आणला की खिडकी अडीच मीटरची होते, म्हणजे एक मजला. सगळे ठिपके पुसले, निळा परत लावला आणि शिवणाच्या बारीक सुईच्या टोकाने फिकट पिवळे ठिपके, एका ओळीत सात आठ, मग मध्ये दोन जागा सोडायच्या, कारण सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले नसतात. जागा सोडल्या आणि एकदम कुणीतरी आत राहतंय असं वाटायला लागलं. जवळून बघाल तर ठिपके वाकडे आहेत. टेबलावर ठेवून, उभं राहून बघितलं की आगबोट रात्री बंदरात उभी असते तशी.

इंजिनं सोपी होती. आधी गडद निळा, आत फिकट निळा, मधोमध पांढरा ठिपका. गलबतांना मी खिडक्या जवळजवळ दिल्याच नाहीत, दोन तीन फक्त. वरून मॅट वार्निश, ऑक्टोबरमधल्या कोरड्या उन्हात, आणि हो, आधी एकच जहाज मारून, दुसऱ्या दिवशी बघून मग बाकीची.

वसुबारसेच्या रात्री भाऊ आला. त्याची जहाजं लाल आणि हाडाच्या रंगाची, फार सुंदर. लक्ष्मी रोडवरून आणलेलं सहा बाय चार फुटांचं काळं कापड हॉलमध्ये फरशीवर अंथरलं, त्यावर मी आधीच टूथब्रशने पांढरे तारे उडवून ठेवले होते. तो खाली बसायच्या आधी काही क्षण उभाच राहिला, मग म्हणाला, "दादा, खिडक्या!" बास, मला पोचलं.

सात सात जहाजं घेतली. पहिल्या दोन फेऱ्या नुसतं जवळ येणं, मी वेग जास्त ठेवला आणि तिसऱ्या फेरीत माझी दोन गलबतं त्याच्यामधून आरपार निघून गेली, वळायला त्यांना पुढच्या तीन फेऱ्या लागल्या. दिशा घड्याळासारख्या बारा असतात आणि थ्रस्ट ४ च्या, म्हणजे इंजिनाची ताकद ४ असलेल्या, जहाजाला एका फेरीत जास्तीत जास्त दोनच घरं वळता येतं, हे वाचलेलं होतं, पण कापडावर बघितल्याशिवाय अंगात भिनत नाही. मिसाइलचं तसंच. दोघांचे हुकूम लिहून झाले की जहाजं हलायच्या आधी मिसाइल २४ इंचांच्या आत कुठेतरी ठेवायची आणि शत्रू हलल्यावर तिच्या ६ इंचांत आला तरच लागते. माझ्या तीनपैकी एक लागली. भावाच्या तिन्ही.

मला आंग्र्यांची चाल खेळायची होती. त्यांची गलबतं वल्ह्यांवर चालायची, वारा पडला की गुराबांना ओढून शत्रूच्या मागच्या अंगाला न्यायची, जिथे तोफा कमी. या खेळातही ज्या फेरीत जहाजाने मुख्य इंजिन वापरलं त्या फेरीत त्याला बरोबर मागे मारा करता येत नाही, म्हणजे शेपटीला लागणं हाच डाव. पण भावाने तो माझ्यावरच टाकला. पाचव्या फेरीत त्याची दोन जहाजं कुलाबाच्या मागे आली. प्रत्येक जहाजाच्या कागदावर नुकसान खोडायला चौकोनांच्या ओळी असतात, त्यातली पहिली ओळ संपली की प्रत्येक यंत्रणेसाठी फासा टाकायचा, सहा पडले तर ती यंत्रणा गेली. कुलाबाचं इंजिन अर्धं झालं. सहाव्या फेरीत दुसरी ओळ संपली, आता पाचलाही जातं, आणि इंजिन पूर्ण गेलं.

तेव्हा कुलाबाचा वेग ८ होता. म्हणजे इथून पुढे दर फेरीत सरळ ८ इंच, कायम. त्याच्यासाठी कागदावर लिहायला काही उरलंच नाही. मी दोन फेऱ्या त्याच्याकडे बघतच नव्हतो, खरं सांगतो, वाईट वाटत होतं, इतके दिवस त्याच्यावर गेले होते. मग भाऊच म्हणाला, "इंजिन बंद आहे ना, मग तुला मागे मारता येईल की!" कुलाबाच्या दोन लहान तोफा चारी बाजूंना फिरतात, पल्ला १२ इंच, आणि मागे लागलेलं एक जहाज ९ इंचांवर होतं. दोन फासे टाकले, सहा आणि पाच. सहाचं नुकसान दोन, पाचचं एक, सहाला परत फासा मिळतो तो चार पडला, आणखी एक. चार नुकसान, त्या जहाजाची पहिली ओळ संपली आणि तपासणीत त्याचं एकमेव फायर कंट्रोल, म्हणजे नेम धरायची यंत्रणा, गेलं, म्हणजे ते जहाज धड असून गोळी झाडू शकेना.

लढाई तोच जिंकला, माझी खांदेरी आणि दोन गलबतं उरली. पण नवव्या फेरीत कुलाबा कापडाच्या कडेवरून बाहेर गेलं, आता ते उचलून बाजूला ठेवायचं, तर त्याने उचललं नाही, इंचपट्टी लावून फरशीवर ८ इंच पुढे ठेवलं. पुढच्या फेरीत परत ८. पुढच्या फेरीत परत. आम्ही आवरायला उठलो तेव्हा ते दिवाणाच्या पायापाशी पोचलं होतं आणि आईने रात्री केर काढताना ते बाजूला न सरकवता भोवतीने झाडू फिरवला.

भाऊबीज करून तो गेला, जाताना दुसरी पिशवी दिली, सहा जहाजं. त्यांना फेब्रुवारीतच प्रायमर मारून ठेवलाय.