जोडी दिसली तरी थांबायचं

माहजाँग सॉलिटेअर हा टाइलचा, एकट्याने खेळायचा खेळ कॉम्प्युटरवर पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, सोपं आहे. सारख्या दोन टाइल शोधायच्या, क्लिक करायचं, त्या नाहीशा होतात. पहिल्याच डावात चटाचट जोड्या उडवल्या आणि तीसेक टाइल उरल्या असताना चाली संपल्या. पुढचे कितीतरी दिवस हेच. कधी बारा उरायच्या, कधी चाळीस.

नियम छोटासा आहे. जिच्यावर दुसरी टाइल नाही आणि जिची डावी किंवा उजवी, एक तरी बाजू मोकळी आहे, तीच उचलता येते. नेहमीची मांडणी कासवाची: १४४ टाइल, पाच थर. तळाला ८७, त्यावर ३६, मग १६, मग ४ आणि शिखरावर एक. टाइलवर बांबू, गोल, वारे अशी चित्रं असतात. बांबूच्या एक्क्यावर बहुतेक संचांत पक्षी असतो. मी त्याला फुलांच्या टाइलशी जुळवायला जायचे. फुलं चार आणि ऋतू चार. ही चित्रं वेगवेगळी असूनही फूल कुठल्याही फुलाशी आणि ऋतू कुठल्याही ऋतूशी जुळतो. बाकी प्रत्येक चित्राच्या चार-चार टाइल.

हे ‘चार’ डोक्यात शिरायला मला फार वेळ लागला. तोवर मी दोनच बघत होते. समजा चारपैकी तीन मोकळ्या आहेत, तर कुठल्या दोन काढायच्या? ज्या जास्त टाइल अडवून बसल्यात त्या. कुणालाच न अडवणारी मागे राहू द्यावी, ती पुढे कामाला येते. चारही मोकळ्या दिसल्या तर चारही लगेच काढाव्यात, त्यात काही धोका नाही. आणि दोनच मोकळ्या असतील तर हात आवरायचा. एकदा गोलांच्या सत्त्याची जोडी मी दिसताक्षणी उचलली. उरलेले दोन सत्ते नंतर एकमेकांच्या डोक्यावर बसलेले निघाले. वरचा हलल्याशिवाय खालचा मिळणार नाही, आणि वरच्याला जोडीदार तर तोच एक. डाव त्या क्लिकलाच गेला होता. मी मात्र त्यानंतर वीस मिनिटं खेळत राहिले, याचं फार वाईट वाटलं.

मग कासवाकडे नीट बघायला लागले. डाव्या टोकाची एकटी टाइल तळातल्या मधल्या दोन्ही लांब ओळी अडवते. उजव्या टोकाला दोन टाइल एकापुढे एक आहेत, म्हणून तिकडचं काम लवकर सुरू करावं लागतं. शिखरावरची एक निघाली की खालच्या चारही एकदम मोकळ्या होतात. कडेच्या सोप्या जोड्यांचा मोह टाळून आधी या जागा सोडवायच्या, हे ठरवल्यावर उरणाऱ्या टाइल कमी होत गेल्या.

याच सुमारास वाचलं की कॉम्प्युटरवरचा हा खेळ १९८१ साली ब्रॉडी लॉकार्ड यांनी प्लेटो या संगणक-यंत्रणेवर तयार केला. जिम्नॅस्टिक्सच्या अपघातात त्यांचं शरीर लुळं पडलं होतं. तोंडात काठी धरून ते टाइप करायचे. १९८६ मध्ये ‘शांघाय’ नावाने तो घरोघरच्या कॉम्प्युटरवर आला. एकेक कळ अशी दाबून कुणी हे उभं केलंय, हे कळल्यापासून खेळाबद्दल माझ्या मनात वेगळीच माया आहे.

आणखी एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. टाइल नुसत्या पिसून मांडल्या तर काही डाव सुटूच शकत नाहीत. काही प्रोग्रॅम उलट्या दिशेने, जोडी-जोडी ठेवत कासव रचतात. त्यात निदान एक वाट नक्की असते. मी तसला निवडला. अडले की चाली मागे घ्यायच्या, घोळ कुठे झाला ते शोधायचं, आणि तोच डाव पुन्हा मांडायचा. एक डाव मी सलग तीन संध्याकाळी खेळले. तिसऱ्या दिवशी शेवटी दोन ऋतू आणि दोन पूर्वेचे वारे उरले, चारही मोकळे. तरीही आधी सवयीने मी थांबून बघितलं, मग क्लिक केलं.

आता चाल मागे न घेता खेळते. पाचांत एखादा डाव सुटतो.