महापे येथे व्हर्च्युअल मशीनसाठी कर्नेल बांधताना

आमच्या व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकाच्या) इमेजसाठी, म्हणजे त्याच्या डिस्कच्या फाइलसाठी, स्वतंत्र लिनक्स कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) बांधण्याच्या कामानिमित्त ठाण्याहून महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये जाणे झाले. ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली किंवा कोपरखैरणे गाठून पुढे रिक्षा करणे सोयीचे पडते. प्रवेशद्वारावर लॅपटॉपचा अनुक्रमांक नोंदवून घेतात आणि पेनड्राइव्ह बाहेरच ठेवावा लागतो. म्हणून कर्नेलचा सुमारे 140 एमबीचा सोर्स कोड घरीच लॅपटॉपवर उतरवून घ्यावा. स्वेटरही न्यावा, कारण सर्व्हर हॉलमधला गारठा मे महिन्यातही बोचतो.

डिस्ट्रोचे (उबुंटूसारख्या तयार लिनक्स संचाचे) तयार कॉन्फिगरेशन छाटत बसण्यापेक्षा लहानापासून वाढवत जाणे शहाणपणाचे, असे माझे मत झाले आहे. डिस्ट्रोच्या कर्नेलला कोणत्याही यंत्रावर चालायचे असते, म्हणून त्यात हजारो मॉड्यूल (गरजेनुसार लोड होणारे कर्नेलचे भाग) असतात. केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) खालच्या गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, मात्र व्हर्टआयओची (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या आभासी उपकरणांच्या प्रमाणाची) डिस्क, व्हर्टआयओचे नेटवर्क कार्ड, सिरियल पोर्ट आणि फार तर आणखी चार उपकरणे दिसतात. आम्ही ‘मेक डेफकॉन्फिग’ (कर्नेलचे मूळ ठरावीक कॉन्फिगरेशन घेणारी आज्ञा) आणि त्यावर ‘मेक केव्हीएम गेस्ट कॉन्फिग’ चालवले, ज्यामुळे व्हर्टआयओचे ड्रायव्हर मॉड्यूल न राहता कर्नेलमध्येच सामावले जातात. इनिटरामएफएस (बूट होताना मेमरीत उघडणारी तात्पुरती फाइलसिस्टम, जिच्यात असे मॉड्यूल ठेवता येतात) टाळायचे असेल तर हे अनिवार्य आहे, कारण डिस्क वाचणारे मॉड्यूल त्याच डिस्कवर असेल तर ते लोड कोण करणार?

फाइलसिस्टमचेही (डिस्कवर फाइल मांडण्याच्या पद्धतीचेही) तसेच. एक्स८६च्या डेफकॉन्फिगमध्ये ईएक्सटी4 असते पण एक्सएफएस नसते, त्यामुळे एक्सएफएसवरची इमेज रूट (मुख्य फाइलसिस्टम) माउंट करतानाच पॅनिक होते, म्हणजे कर्नेल चूक दाखवून थांबतो. शिवाय इनिटरामएफएस नसताना कर्नेलला फाइलसिस्टमचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) समजत नाही. तेथे पार्टिशनचा यूयूआयडी द्यावा. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ (सध्या लोड असलेल्या मॉड्यूलपुरतेच कॉन्फिगरेशन ठेवणारी आज्ञा) वापरायचे असल्यास ते, किंवा निदान त्याला लागणारी ‘एलएसमॉड’ची (लोड असलेल्या मॉड्यूलची) यादी, गेस्टमधूनच घ्यावी, लॅपटॉपवर चालवल्यास लॅपटॉपचेच वायफाय आणि ध्वनीचे ड्रायव्हर पदरात पडतात.

चाचणीसाठी प्रत्येक वेळी इमेजमध्ये कर्नेल बसवण्याची गरज नाही. क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) च्या ‘कर्नेल’ पर्यायाने बीझेडइमेज (बांधून तयार झालेल्या कर्नेलची फाइल) थेट सुरू करता येते, मूळ इमेजवर क्यूकाऊ2चा ओव्हरले (बदल वेगळे साठवणारी डिस्क-फाइल) ठेवला की ती अबाधित राहते आणि सिरियल कन्सोल चालू ठेवल्यास पॅनिकचा संदेश अक्षरशः वाचता येतो. अंतिम कर्नेलला ‘लोकलव्हर्जन’मधून वेगळे नाव द्यावे आणि ग्रबच्या (बूट होताना कर्नेल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत जुना कर्नेल राहू द्यावा.