जुनी पोलो जीटी टीएसआय रोजच्या वापराला घेताय? ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये आधी तिला तापवा

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली. १२०० सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटनमीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), तोही एवढ्याशा हॅचबॅकमध्ये. १५०० आरपीएमपासून मिळणारा तो ओढा आजही मन जिंकतो. आता या गाड्या सेकंडहँड बाजारात अशा किमतीला मिळतात की नवी साधी हॅचबॅक घ्यायला निघालेला माणूसही थबकतो. मोह अगदी योग्य आहे. पण 'रोज ऑफिसला नेईन' म्हणून घेणार असाल, तर तपासणीची पद्धत बदलावी लागते.

बहुतेक जण ट्रायलला गाडी मोकळ्या रस्त्यावर काढतात, ॲक्सिलरेटर दाबतात आणि खूश होऊन टोकन देतात. या गाडीची दुखणी मोकळ्या रस्त्यावर दिसतच नाहीत. इंजिन थंड असताना पहिल्या दोन सेकंदांत आणि गिअरबॉक्स तापल्यावर पाऊण तासाने ती बाहेर येतात. म्हणून ट्रायल त्याच क्रमाने घ्यायची: आधी गार इंजिन, मग गर्दी, मग चढ, आणि वेग सगळ्यात शेवटी.

एक खुलासा आधीच. इथे बोलतोय ते १.२ टीएसआयबद्दल, म्हणजे २०२० मध्ये बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) येईपर्यंतच्या गाडीबद्दल. त्यानंतरच्या पोलोमध्ये १.० टीएसआय इंजिन आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (वेगळ्या पद्धतीचा ऑटोमॅटिक) आहे, त्याची गणितं वेगळी. शिवाय नुसती 'जीटी'ची पाटी बघून जाऊ नका. जीटी टीडीआय ही डिझेल, मॅन्युअल गाडी आहे, आणि डिकीवरची पाटी बाजारात सुटीही मिळते. आरसीवर इंधन आणि सीसी वाचा, गिअर लिव्हर बघा.

गार इंजिन

सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर परत दुसऱ्या दिवशी जा.

बोनेट उघडं ठेवून दुसऱ्या कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा आणि तुम्ही ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनाजवळ कान द्या. टायमिंग चेन त्या बाजूला असते. पहिल्या एक-दोन सेकंदांत डब्यात साखळी हलवल्यासारखी खडखड आली आणि मग थांबली, तर चेन सैल झालेली असू शकते किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर दाब धरत नाही. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि दाब येईपर्यंत चेन मोकळी फिरते. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण चेनने दात सोडले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं हेड उघडावं लागतं. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) कॅमशाफ्ट-क्रँकशाफ्टच्या मेळाचा कोड (पी००१६) दिसला, तर आवाज नसला तरी चेनचा खर्च धरूनच बोला.

त्यानंतर तीन-चार मिनिटं आयडलिंगवर राहू द्या. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर काजळी साठत जाते. गार असताना गाडी थरथरते, मधूनच मिस मारते आणि तापल्यावर सुधारते, तर आधी प्लग आणि कॉइल बघायचे, मग काजळी. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या क्लीनरने ही काजळी जात नाही, कारण ते पेट्रोल तिथपर्यंत पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवून साफ करणं हाच खरा उपाय.

डिपस्टिक बघा. सव्वासात-साडेसात हजार किलोमीटरवर ऑइल बदलल्याच्या पावत्या असतील तर ती गाडी जपलेली आहे असं समजायला हरकत नाही. कंपनीचं वेळापत्रक १५,००० किमीचं आहे, पण घोडबंदर रोडवर दोन तासांत वीस किलोमीटर कापणाऱ्या इंजिनाचे तास मीटरवर दिसत नाहीत. चेन, टेन्शनर, टर्बो हे तिघंही त्याच ऑइलवर जगतात. ऑइल व्हीडब्ल्यू ५०२ ०० मानकाचंच हवं, आणि लागतं पावणेचार लिटरच्या आसपास.

गर्दी: खरी परीक्षा इथे

आता गाडीच्या जिवाचा भाग. हिच्यातल्या डीएसजीचं नाव डीक्यू २००. दोन कोरडे क्लच, वर मेकॅट्रॉनिक नावाचा मेंदू. पहिला क्लच १, ३, ५, ७ हे गिअर चालवतो आणि दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. ही वाटणी पाठ करून ठेवा, ट्रायलमध्ये तीच उपयोगी पडते. जागेवरून उठताना गाडी थरथरली तर संशय पहिल्या क्लचवर. रिव्हर्समध्ये थरथरली तर दुसऱ्यावर. दोन्हीकडे थरथर आणि शिवाय धक्के असतील तर मेकॅट्रॉनिककडे बघावं लागतं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हलकीशी कंपनं बऱ्याच गाड्यांत असतात. खुर्ची हलण्याइतकी, आरसा थरथरण्याइतकी असतील तर क्लच पॅक संपत आलाय.

संध्याकाळी सात वाजता माजिवड्याहून कासारवडवलीकडे निघा. एसी चालू, दोन माणसं मागे. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा करत मेट्रोच्या खांबांखालून सरकत राहा. पंधरा मिनिटं पुरत नाहीत, निदान चाळीस द्या. कोरड्या क्लचला ऑइलचा गारवा नसतो, घासून झालेली उष्णता हवेतच जायला हवी, आणि मुंगीच्या वेगाने सरकताना हवाही मिळत नाही. सकाळी लोण्यासारखा चालणारा गिअरबॉक्स इथे खरं बोलतो. दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना खालून 'टक्' असा ठोका, ब्रेक सोडल्यावर अर्धा सेकंद काहीच न होणं आणि मग एकदम उडी, डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकणं, फक्त सम किंवा फक्त विषम गिअर मिळणं: यातलं शेवटचं दिसलं तर ट्रायल तिथेच संपवा.

थांबल्यावर खिडकी उघडून मेकॅट्रॉनिकच्या पंपाचा आवाज ऐका. ड्रायव्हरचं दार उघडलं की हा पंप क्षणभर गुणगुणतो, ते नॉर्मल आहे. पण नुसतं उभं असताना दर काही सेकंदांनी तो पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर दाब कुठून तरी निसटतोय. दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर जिथे बसतो त्या ॲल्युमिनियमच्या भागाला तडा जाणं हे या गिअरबॉक्सचं जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. आत फक्त एक लिटरच्या आसपास ऑइल असतं, गळती सुरू झाली की फार वेळ मिळत नाही. स्कॅनरवर पी१७बीएफ किंवा पी१८९सी हे कोड आले तर त्याचा अर्थ हाच: पंप दमतोय, दाब बनत नाही.

गरम आणि दमट हवेचा या गिअरबॉक्सशी जुना वाद आहे. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात डीक्यू २०० मधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरण्याची मोहीम काढली होती, कारण उष्ण-दमट हवामानात आत इलेक्ट्रिकल बिघाड होत होते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षाची गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन ऑइलचं काम झालंय का, एवढं विचारून घ्या.

स्कॅनिंग दोनदा करायचं. ट्रायलआधी एकदा आणि गाडी तापवून आणल्यावर पुन्हा. विकणाऱ्याने सकाळीच कोड पुसले असतील तर पहिल्या स्कॅनमध्ये सगळं स्वच्छ दिसतं. साध्या ब्लूटूथ डोंगलला गिअरबॉक्सचा मॉड्यूल दिसत नाही. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (फोक्सवॅगनच्या गाड्या वाचणारी स्कॅनिंगची साधनं) असलेला माणूस गाठा आणि दोन्ही क्लचची झीज, तापमान आणि ॲडॅप्टेशनचे (झिजेनुसार गिअरबॉक्सने स्वतः जुळवून घेतलेल्या सेटिंगचे) आकडे वाचून घ्या. एक सावधगिरी: बॅटरी मरायला आलेली असेल तर व्होल्टेज पडून गिअरबॉक्स खोटेच कोड देतो. बंद गाडीवर १२.५ व्होल्टच्या आसपास आहे ना, ते आधी मोजा. पाच हजारांच्या बॅटरीपायी चांगली गाडी हातची जायला नको, आणि 'बॅटरीमुळे येतोय' हे ऐकून वाईट गाडी गळ्यात पडायला नको.

क्लच पॅक बदलणं हे कोपऱ्यावरच्या गॅरेजचं काम नाही. त्याला खास हत्यारं लागतात, दोन्ही क्लचचं अंतर मोजून शिम (पातळ चकत्या) लावावे लागतात आणि शेवटी स्कॅनरवरून बेसिक सेटिंग करावं लागतं. मेकॅट्रॉनिक नवा घ्यायचा झाला तर खर्च लाखाच्या घरात जातो. ही रक्कम वेगळी काढून ठेवता येत नसेल तर ही गाडी घेऊ नका. मॅन्युअल पोलो घ्या, तीही सुंदर चालते.

चढ आणि तुमच्या बिल्डिंगचा रॅम्प

गायमुखचा घाट जवळ आहे, नवी मुंबईत असाल तर बेलापूरचा पारसिक हिल. चढावर पूर्ण थांबा, ब्रेक सोडा. हिल होल्ड दोनेक सेकंद गाडी धरतो, तेवढ्यात तुम्ही रेस दिली पाहिजे. मागे घसरून मग झटका देत उठली तर पुन्हा पहिला क्लच.

याहून महत्त्वाचा आहे तुमचा रोजचा रॅम्प. बऱ्याच टॉवरमध्ये पोडियम पार्किंग आहे आणि काही ठिकाणी गाडी रिव्हर्समध्ये चढवूनच लावावी लागते. रिव्हर्समध्ये चढ, तोही इंच इंच करत, म्हणजे दुसऱ्या क्लचला रोजची भट्टी. विकत घेण्याआधी ती गाडी एकदा तुमच्या सोसायटीत आणून लावून बघा. जमिनीपासूनची उंची १६५ मिमीच्या आसपास आहे, रॅम्पच्या माथ्यावर सहसा घासत नाही. पण कुणी लोअरिंग स्प्रिंग टाकले असतील तर इथेच कळेल.

वेग, ब्रेक, खालची बाजू

मग पाम बीच रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडला मोकळ्या वेळी. चौथ्या गिअरला धरून कमी आरपीएमवरून सलग रेस द्या. ओढा एकसंध हवा. मध्येच झोपली आणि ईपीसीचा (इंजिनाच्या नियंत्रणातला बिघाड दाखवणारा) दिवा लागला, तर टर्बोचा वेस्टगेट (जादा दाब सोडणारी झडप) किंवा त्याचा ॲक्ट्युएटर अडकत असू शकतो. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत, त्यावरून घाबरू नका, नीट सेट असतील तर पुरतात.

रीमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) गाडी असेल तर तसं स्पष्ट विचारा. डीक्यू २०० ची क्षमता २५० न्यूटनमीटर. रीमॅपने टॉर्क त्याच्या जवळ नेऊन ठेवला की रोजच्या गर्दीत क्लच लवकर जातो. बाहेरचा एअर फिल्टर, जाड एक्झॉस्ट, 'फक्त वीकेंडला चालवली' हे तिन्ही एकत्र दिसलं तर मी ती गाडी रोजच्या वापराला सुचवणार नाही.

लिफ्टवर चढवल्यावर लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, स्ट्रटचे टॉप माउंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे बूट बघा. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांनी यातलं काही ना काही गेलेलं असतंच. हे खर्च किरकोळ आहेत, भावात वळते करा. गिअरबॉक्सचा पुढचा भाग ओला दिसला तर मात्र कपड्याने पुसा, अर्धा तास फिरवा, पुन्हा बघा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं ठाण्यात आलंच पाहिजे. वंदना टॉकीजजवळ किंवा बेलापूरच्या सखल भागात एका पावसात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि गाळाची रेघ शोधा. स्टेपनीची खोबण, सीटच्या रुळांवरचा गंज, ड्रायव्हरच्या पायाखालच्या कार्पेटचा फोम दाबून बघा. ओलसर वास आणि वर जबरदस्त अत्तर, म्हणजे परत फिरायचं.

पेट्रोल

आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनवलेली नाही. जास्त ऑक्टेन टर्बोला मानवतं, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने मायलेज घसरतं, आणि जुन्या रबरी होजेस व सील्सवर लक्ष ठेवावं लागतं. पेट्रोलचा वास येतोय का, गरम इंजिन पुन्हा स्टार्ट व्हायला वेळ घेतंय का, हे पाहा. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओल भरपूर.

घेतल्यानंतर

पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर आणि प्लग बदला. गिअरच्या बाजूचं ऑइल (पावणेदोन लिटरच्या आसपास) कंपनी आयुष्यभराचं मानते, पण ६०,००० किमी झालेल्या गाडीत ते बदलणं शहाणपणाचं. मेकॅट्रॉनिकचं ऑइल वेगळं असतं, दोघांची गल्लत करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

आणि चालवण्याची सवय. सिग्नलला डी मध्ये ब्रेक पूर्ण दाबून उभे राहा, तेव्हा क्लच सुटलेलाच असतो, सारखं न्यूट्रल करायची गरज नाही. क्लच मरतो तो अर्धवट ब्रेक सोडून सरकण्याने. पुढच्या गाडीशी एका गाडीचं अंतर पडू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून नीट पुढे जा. कुणी मध्ये घुसला तर घुसू द्या. लांब रांगेत लिव्हर मॅन्युअलवर टाकून पहिलाच गिअर धरला तर एक-दोन, एक-दोनची घासाघीस वाचते. चढावर रेस देऊन गाडी तरंगत ठेवू नका, ब्रेकवर धरा.

पर्यायांपैकी अबार्थ पुंटो १४५ बीएचपीची आणि मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क, मनाला भिडणारी. पण फियाटने इथला गाशा गुंडाळलाय आणि सुट्या भागांसाठी फोनाफोनी करावी लागते, म्हणून घरात दुसरी गाडी असेल तरच. बलेनो आरएस १०२ पीएस, मॅन्युअल, हलकी, आणि गिअरबॉक्सची काळजी नको असणाऱ्यांना माझी पहिली शिफारस तीच. तिच्या टर्बो इंजिनाचे खास भाग मात्र साध्या बलेनोचे चालत नाहीत, उपलब्धता आधी विचारा.

पोलोवरच मन बसलं असेल तर टोकन दुसऱ्या स्कॅनची प्रत हातात आल्यावरच द्या. त्या प्रतीवर तारीख आणि मीटरचं रीडिंग छापून घ्या आणि विक्रीच्या कागदांना जोडून ठेवा. एक लाख किमीच्या पुढची गाडी असेल आणि क्लच बदलल्याची पावती नसेल, तर क्लच पॅकचा पूर्ण खर्च वजा करूनच भाव बोला, मग ती आज कितीही गोड चालत असो.