इटलीचं विळ्या-भोपळ्याचं वर्ष

२० नोव्हेंबर २०२२ला कतारमध्ये वर्ल्डकपचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी इटलीचा संघ व्हिएन्नात ऑस्ट्रियाशी मैत्रीपूर्ण सामना खेळत होता. गावात लग्न असावं, आपल्याला आमंत्रण नसावं, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर आपण घरी सत्यनारायण घालावा, तसला प्रकार. त्यात तोही धड पार पडला नाही. ऑस्ट्रियाने दोन गोल घातले, इटलीला एकही जमला नाही.

चार वेळा जग जिंकलेला हा देश सलग दुसऱ्यांदा वर्ल्डकपला मुकला होता. मार्च २०२२मध्ये पालेर्मोला उत्तर मॅसिडोनियाविरुद्ध त्यांनी गोलच्या दिशेने ३२ फटके मारले आणि सगळे वाया घालवले. मग भरपाईच्या वेळेत त्रायकोव्स्कीने लांबून एक फटका मारला आणि विषय संपला. हा गडी पूर्वी पालेर्मोच्याच क्लबात चार वर्षं खेळलेला. मैदान त्याच्या चांगलं ओळखीचं होतं!

तरीही इटालियन फुटबॉलचा माझा आवडता मोसम विचाराल तर मी हाच, २०२२-२३चा, सांगेन. इटलीत क्लब आणि देश यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, असं माझं जुनं मत. क्लबांच्या अब्रूची लक्तरं वेशीवर टांगलेली असतात तेव्हा देशाची निळी जर्सी वर्ल्डकप उचलते. १९८०मध्ये सट्टेबाजीचं प्रकरण झालं, पाओलो रॉसीवर बंदी आली. ती संपवून तो परतला आणि १९८२च्या स्पर्धेत सहा गोल ठोकून कप घेऊन आला. २००६मध्ये रेफ्रींच्या नेमणुकांचं लफडं बाहेर पडलं, युव्हेंटसची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली, आणि त्याच उन्हाळ्यात पुन्हा कप. या वेळी पारडं उलटं झुकलं होतं. देश घरी बसला होता आणि क्लबांचे दिवस आले होते.

त्यातही नापोलीचे. मोसमाआधी त्यांचा कप्तान इन्सिन्ये, अस्सल नापोलीचा पोरगा, टोरांटोला निघून गेला होता. कूलिबाली गेला, मर्टेन्स गेला. लोक मालकाच्या नावाने बोटं मोडत होते. त्यांच्या जागी आले कोण, तर बातुमीहून एक जॉर्जियन आणि तुर्कस्तानातून एक कोरियन. जॉर्जियन पोराचं नाव ख्वारात्सखेलिया. ते उच्चारताना कॉमेंटेटरच्या जिभेला गाठ बसायची. मोजे खाली घसरलेले, खांदे थोडे पडलेले, आणि पायात चेंडू आला की समोरचा बचावपटू कोणत्या बाजूला झुकावं याच विचारात. लोकांनी महिनाभरात त्याचं ‘क्वारादोना’ करून टाकलं. त्या शहरात यापुढे काही पदवी नाही.

नापोलीची माणसं अंधश्रद्धेत आपल्याला हार जाणार नाहीत. एरवी जिंकण्याआधी जिंकण्याबद्दल बोलायचंही नाही, नजर लागते. पण यंदा लीगमध्ये आघाडीच एवढी होती की संयम सुटला. मार्च-एप्रिलपासूनच गल्ल्यागल्ल्यांतून या इमारतीपासून त्या इमारतीपर्यंत निळ्या-पांढऱ्या पताका, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून लटकणारे खेळाडूंचे पुठ्ठ्याचे पुतळे, निळे रंगवलेले जिने, आणि जिकडे-तिकडे ३ हा आकडा. १९८७ आणि १९९०ची लीगची विजेतेपदं मॅराडोनाची. हे तिसरं, ३३ वर्षांनी.

आणि मग नजर लागलीच. ३० एप्रिलला सालेर्नितानाविरुद्ध घरच्या मैदानावर जिंकलं की काम फत्ते. दुसऱ्या नंबरवरच्या लाझिओचा निकाल आधी लागावा म्हणून मॅच शनिवारची रविवारी ढकललेली. लाझिओ हरलेही. नापोली १-० ने पुढे. ८४व्या मिनिटाला दिया नावाच्या माणसाने बरोबरी केली आणि अख्ख्या शहराने हातातला फटाका खाली ठेवला. गुरुवारी उदिनेला पुन्हा तेच, आधी एक गोल खाल्ला. आपल्याकडे शुक्रवारचा एक वाजून गेला होता, सकाळी ऑफिस होतं, मी ‘हाफटाइमनंतर दहा मिनिटं बघून झोपतो’ या बोलीवर बसलो होतो. ५२व्या मिनिटाला ओसिमेनने गोल केला, आणि ती बरोबरी विजेतेपदाला पुरली. मास्क लावून खेळणारा हा नायजेरियन. चेहऱ्याची हाडं मोडल्यापासून लावलेला तो काळा मास्क त्याने पुढे काढलाच नाही. झोप गेली ती गेलीच. नापोलीच्या स्टेडियममध्ये खेळ नव्हता, फक्त पडदे होते, आणि तरी ते खच्चून भरलेलं होतं.

मग फायनलींचा हंगाम. युरोपातल्या तीन्ही स्पर्धांच्या फायनलमध्ये एकेक इटालियन क्लब! ३१ मेला बुडापेस्टमध्ये रोमा पेनल्टींवर सेव्हियाकडून हरली. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते. स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घालणारा आणि नंतर पेनल्टीही चुकवणारा रोमाचा बचावपटू मान्चिनी. राष्ट्रीय प्रशिक्षकही मान्चिनीच, पण दोघांचं नातं नाही. ७ जूनला प्रागमध्ये फिओरेंटिना ९०व्या मिनिटाला वेस्ट हॅमकडून. १० जूनला इस्तंबूलमध्ये इंटर. तो हेडर मी अजून विसरलेलो नाही. दिमार्कोने डोक्याने मारलेला चेंडू बारवर आदळून परत त्याच्याकडेच आला, त्याने पुन्हा डोकं घातलं, आणि या वेळी मध्ये उभा होता लुकाकू. इंटरचाच लुकाकू! मँचेस्टर सिटीला १-० पुरलं. दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनात इटलीच्या वीस वर्षांखालच्या पोरांची वर्ल्डकप फायनल. तीही उरुग्वेने १-० ने नेली. बारा दिवसांत चार फायनल, चारही हातच्या गेल्या.

पण खरी मेख दुसरीकडे होती. त्या वर्षी मोठ्या क्लबांचे सेंटर फॉरवर्ड मोजा. नापोलीचा नायजेरियन, मिलानचा फ्रेंच, युव्हेंटसचा सर्ब, इंटरचे तर बोस्नियन, अर्जेंटाइन आणि बेल्जियन. एक लाझिओचा इम्मोबिले तेवढा घरचा, तोही तिशी ओलांडलेला. इस्तंबूलला इंटरने सुरुवातीला पाच इटालियन उतरवले, त्यातला एकही पुढच्या फळीत नव्हता. मान्चिनींनी (प्रशिक्षक) मग अर्जेंटिनात क्लब फुटबॉल खेळणारा रेतेगी शोधून आणला. आजोबा सिसिलीचे, एवढ्या धाग्यावर निळी जर्सी. मार्चमध्ये त्याने पदार्पणातच इंग्लंडविरुद्ध गोल केला, आणि तोही कुठे, तर ओसिमेनच्याच, मॅराडोनाचं नाव दिलेल्या मैदानावर. इटली ती मॅच २-१ ने हरली हे ओघानं आलंच.

ऑगस्टमध्ये मान्चिनींनी राजीनामा दिला. नापोलीला विजेतेपद देऊन, आता वर्षभर विश्रांती घेतो म्हणून बाहेर पडलेले स्पालेत्ती विश्रांती सोडून त्यांच्या खुर्चीवर येऊन बसले. चांगल्या घरातला स्वयंपाकी पळवला की दोन्हीकडे जेवण बरं होईल, असं संघटनेला वाटलं असणार. पुढच्या मोसमात नापोलीने तीन प्रशिक्षक बदलले आणि दहावा नंबर पटकावला. इटली युरो २०२४च्या पहिल्याच बाद फेरीत स्वित्झर्लंडकडून २-० ने हरली, बर्लिनच्या त्याच स्टेडियमवर जिथे २००६चा कप उचलला होता. विळा आणि भोपळा या वेळी एकदमच बुडाले.