अश्विनीताईंना ऐकायला कोल्हापूरला

शास्त्रीय गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांचं गाणं कोल्हापुरात आहे असं कळलं आणि त्याच संध्याकाळी मी महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढलं. मुंबईच्या इतक्या जवळ राहूनही त्यांना समोर बसून ऐकणं झालं नव्हतं. आधी परीक्षा, मग नोकरी, मग मुलांचं लहानपण, सासूबाईंचं आजारपण. शाळेत असताना वडिलांनी त्यांची कॅसेट आणली होती. ती मी इतकी ऐकली की कुठल्या तानेनंतर लोक दाद देतात तेही पाठ झालं. पुढे कळलं की या बाईंनी भाभा अणुसंशोधन केंद्रातून बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केली आहे. मग तर माझ्यासारख्या विज्ञान घेतलेल्या मुलीला त्या फारच आपल्या वाटायला लागल्या.

दादर किंवा पार्ल्यातही त्यांना ऐकता आलं असतं. पण मला कोल्हापूरच हवं होतं, त्याला कारण आहे. 1895 मध्ये शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून इथे आणलं आणि महाराज जाईपर्यंत, म्हणजे 1922 पर्यंत, ते इथेच होते. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा आवाज गेला होता. परत आला तो पूर्वीचा नव्हता, म्हणून त्यांनी त्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी घडवली. आज आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो ते हेच. त्यांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर, मोगूबाईंच्या कन्या आणि शिष्या किशोरीताई आमोणकर, किशोरीताईंच्या शिष्या माणिकताई भिडे आणि माणिकताईंची लेक अश्विनीताई. त्यात माणिकताई मूळच्या कोल्हापूरच्याच. म्हणजे अश्विनीताईंचं हे आजोळ, आणि त्यांच्या गाण्याचंही.

गाडी सकाळी कोल्हापुरात पोचते. खोली स्टेशनजवळ शाहूपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत घ्यावी, तिथून सगळं रिक्षाच्या टप्प्यात आहे. शनिवार-रविवार आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी असते. किरणोत्सवाच्या दिवसांतही (नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात तेव्हा) खोल्या मिळणं अवघड होतं. गाणं त्या सुमारास असेल तर तिकिटाआधी खोली बघा.

दर्शन सकाळी लवकर उरकून मी खासबागेकडे गेले. गाणं आवडणाऱ्याने हा भाग पायीच फिरावा. एका बाजूला शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी गेले तेव्हा काम चालू होतं. पत्र्यांच्या फटीतून आत बघितलं आणि मला बराच वेळ तिथून हलता येईना. ज्या नटाच्या आवाजासाठी लोक गाड्या जुंपून यायचे, त्याच्या नावाचं रंगमंदिर आहे हे. तिथून देवल क्लब ही जुनी संगीतसंस्था जवळच आहे. तिथे खाँसाहेबांच्या पुतळ्यापुढे हात जोडले. फुलं न्यायची असतील तर मंदिराजवळून घेऊन ठेवा.

जेवणाचं एक सांगते. तांबडा-पांढरा रस्सा दुपारीच खाऊन घ्या. संध्याकाळी मटणाचं ताट जेवून विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालाला बसू नये, जडपणा येतो. गाण्याआधी खासबागेतली राजाभाऊंची भेळ पुरेशी होते.

रिक्षावाल्या मामांना सभागृहाचं नाव सांगितलं तर म्हणाले, "गाण्याला चाललाय व्हय? मग लवकर जावा, पुढची जागा घावणार न्हाई." अगदी खरं निघालं. तासभर आधी पोचले तरी पुढची भारतीय बैठक भरत आली होती. मी खुर्ची न घेता बैठकीतच शिरले, गायिकेच्या हातांच्या हालचाली दिसतील अशी, थोडी हार्मोनियमच्या बाजूला. गुडघे साथ देत असतील तर तुम्हीही तिथेच बसा. सुटतील अशा चपला आणि एक शाल बरोबर असावी. शेजारी एक आजी होत्या, काठापदराची साडी, मांडीवर पानाचा डबा. कुठून आलात विचारलं. डोंबिवलीहून म्हटल्यावर त्यांनी सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "बस बाळ. हिची आई आमच्या गावची लेक."

पडदा उघडल्यावर बराच वेळ नुसते तानपुरे लागत होते. कॅसेटमध्ये हे कधीच नसतं. मग बिहागडा राग सुरू झाला, विलंबित तीनतालात. या घराण्यात स्वर सुटा, एकटा ठेवून त्याच्याभोवती फिरत बसत नाहीत. एका स्वरातून दुसरा निघतो, त्यातून तिसरा, आणि सगळी साखळी लयीला धरून समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, जाते. हे मी पुस्तकांत वाचलं होतं. समोर बसल्यावर कळलं की सम जवळ येताना त्या तबल्याकडे एक नजर टाकतात आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) अलगद येऊन समेवर बसतो. प्रत्येक आवर्तनात वाट वेगळी. शुद्ध निषादानंतर (म्हणजे 'नि' नंतर) त्याहून उतरता कोमल निषाद लागला तेव्हा शेजारच्या आजींच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ज्या आवाजाने माझं सगळं लहानपण भरून टाकलं, तो आवाज चार हातांवरून येत होता आणि त्याच्या मागचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

मध्यंतरानंतर नायकी कानडा राग आणि शेवटी अभंग झाला. तरीही माझ्यापुरती मैफल बिहागड्याची. मोबाइल बंद करून पर्समध्ये ठेवा. माझ्या पुढच्या रांगेत कुणीतरी सतत रेकॉर्डिंग करत होतं आणि त्या उजेडाने मागच्या सगळ्यांचं चित्त उडत होतं.

गाणं संपल्यावर नमस्कार करायला रांग लागते. मी उभी राहिले, पाया पडले, "लहानपणापासून ऐकते" एवढंच जमलं. त्या हसल्या आणि मागच्या माणसांनी मला पुढे ढकललं. काही विचारायचं असेल तर मनात एकच वाक्य तयार ठेवा.

आता परतीचं. महालक्ष्मी कोल्हापुरातून रात्री नऊच्या आतच सुटते, म्हणजे गाणं रंगात असतानाच. त्या रात्रीचं तिकीट काढू नका, मुक्काम करा. घाई असेल तर सकाळची कोयना एक्सप्रेस आहे, ती दिवसभर चालून संध्याकाळी मुंबईकडे पोचवते. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने मिरजेला गेले. तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तानपुरे बनवणारे कारागीर बसतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. विकत घ्यायचं नसलं तरी विचारलं तर ते हौसेने दाखवतात, फक्त भर दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका. रात्री तीच महालक्ष्मी मिरजेला येते. तिकीट कोल्हापूरपासूनचं असेल तर चढण्याचं स्थानक आधी मिरज करून घ्या, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल.